नुसती सेवावृत्ती पुरत नाही

मे २०१८. केरळातील पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात तापाने फणफणलेला एक तरुण दाखल झाला. परिचारिका लिनी पुथुसेरी यांनी त्याची मनोभावे शुश्रूषा केली. हा ‘निपाह’ आहे, हे तेव्हा तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान पक्के केले, तोवर तो तरुण दगावला होता आणि लिनी स्वतः मृत्यूशी झुंजत होत्या. पतीसाठी चिठ्ठी लिहून २१ मे रोजी त्या गेल्या. मागे दोन लहान मुले राहिली.

२००१ साली सिलिगुडीतही असेच घडले होते. रुग्णालयातले कर्मचारी अन् भेटीला आलेले नातेवाईकच आजारी पडले. रोगाचे नाव कळायला काही वर्षे लागली.

२०१९ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात पुन्हा निपाहचा रुग्ण आढळला. आता मात्र डॉक्टर-परिचारिकांना हा शत्रू ओळखीचा होता. वेगळी खोली, मास्क, हातमोजे, हातांची स्वच्छता, सारे वेळेवर झाले. रुग्ण बरा झाला; शुश्रूषा करणाऱ्या एकालाही लागण झाली नाही.

सेवावृत्ती लिनींकडे काठोकाठ होती. उशीर झाला तो माहितीला.