आधी ऊब, मग दाणा

बार्शी तालुक्यातल्या वैरागला आमच्या कोंबडीने २१ दिवस अंडी उबवली आणि नऊ पिल्ले काढली. आठ अंगणभर धावू लागली. नववे मात्र पंख गाळून बसे. भावंडेही त्यालाच टोचीत. शेजारच्या आक्का म्हणाल्या, “कण्या भरवा हो त्याला!” परंतु अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात दोन-तीन दिवस पुरतो. त्याला आधी हवी ऊब. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस. गारठलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. मी त्याला वेगळ्या खोक्यात ठेवले, वर विजेचा दिवा टांगला, कोमट गूळपाण्यात चोच टेकवली. दोन रात्री ते दिव्याखालून हलले नाही. तिसऱ्या सकाळी मात्र उठून दूर सरकले. त्याला चक्क उकडत होते! मी आक्कांना हाक मारली, “आता आणा तुमच्या कण्या!”