चित्राचे मोल

कलेची किंमत पैशात करू नये, असे आपल्याकडे मोठ्या आदराने बोलले जाते. या आदराचा परिणाम असा होतो, की कलावंताला पैसे देण्याची वेळ आली म्हणजे आपला हात आखडतो आणि मागण्याची वेळ आली म्हणजे त्याची जीभ अडखळते. शेतकरी भाव सांगतो, सुतार मजुरी सांगतो, डॉक्टर आपली फी सांगतो. चित्रकाराने आकडा सांगितला, की मात्र ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. या विषयावर आम्ही पुष्कळ वाचले होते, सेमिनरीत असताना सौंदर्यशास्त्रावरची व्याख्यानेही ऐकली होती. परंतु चित्राचे मोल म्हणजे काय, हे आम्हांला खऱ्या अर्थाने उमगले ते अमेरिकेतील एका रस्त्यावर, कापडी छताखाली तीन दिवस बसल्यावर.

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर हे विद्यापीठाचे शहर. तेथे दर वर्षी जुलै महिन्यात भर रस्त्यावर कलेची जत्रा भरते. १९६० साली साउथ युनिव्हर्सिटी या रस्त्यावरील व्यापाऱ्यांनी, उन्हाळी स्वस्त विक्रीच्या दिवसांत गिऱ्हाईक यावे म्हणून, कलावंतांना सोबत घेऊन ती सुरू केली. पुढे तिला आणखी जत्रा येऊन मिळाल्या. आता सुमारे हजार कलावंत तेथे आपले तंबू मांडतात आणि पाहणाऱ्यांची संख्या लाखांत जाते. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये, महामंदीच्या दिवसांत, घरभाडे देणेही कठीण झालेल्या चित्रकारांनी वॉशिंग्टन चौकाच्या परिसरात आपली चित्रे उघड्यावर मांडली होती. १९३२ पासून त्या प्रदर्शनाला रीतसर रूप आले. कलादालनाची पायरी चढता येत नसेल तर रस्ता मोकळा आहे, हे शहाणपण मुंबईलाही ठाऊक आहे. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात आत प्रदर्शने भरत आली, आणि बाहेरच्या पदपथावर चित्रे लावून गिऱ्हाइकाची वाट पाहणारे चित्रकारही आपण पाहिले आहेत.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० साली ॲन आर्बरची जत्रा भरू शकली नाही. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात त्या परिसरातील एका धर्मग्रामात महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून सेवा करण्याचा योग आम्हांला आला. तेथे वसईचे एक गृहस्थ भेटले. मोटारींच्या कारखान्यात यंत्रभागांचे आराखडे काढण्यात त्यांचा जन्म गेला; निवृत्तीनंतर ते जलरंगात चित्रे काढू लागले. जत्रेत दर वेळी त्यांची पत्नी सोबत असे. त्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. ते संकोचाने म्हणाले, "फादर, तीन दिवस माझ्यासोबत बसाल का? मला जेवायला आणि पाय मोकळे करायला जाता आले, की झाले." आम्ही आनंदाने होकार दिला.

जत्रेत जागा मिळवणे हे किती जिकिरीचे काम आहे, ते तेव्हा कळले. कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. चित्रांची आणि मांडलेल्या गाळ्याची छायाचित्रे परीक्षक मंडळापुढे जातात. अर्ज नाकारला गेला तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. निवड झाली, की दहा फूट लांब व दहा फूट रुंद एवढ्या जागेसाठी शेकडो डॉलर भाडे भरायचे. कलावंताने स्वतः हजर राहिलेच पाहिजे आणि दुसऱ्याने केलेली वस्तू विकता कामा नये, असा नियम. डांबरी रस्त्यावर खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून प्लास्टिकच्या जाड नळ्यांत सिमेंट भरून ती वजने तंबूच्या चार पायांना बांधायची. जुलैतील वादळाचा नेम नसतो. दमट हवेने कागदाला लहरी पडतात, उन्हाने रंग उडतात, म्हणून दिवसभर पडदे सरकवीत राहायचे. साठी उलटलेला तो माणूस पहाटे ती वजने उचलत होता, तेव्हा आमचेही हात आपोआप पुढे झाले.

त्यांच्या चित्रांत अमेरिका नव्हती. होती ती आमची वसई: केळींच्या बागेतून गेलेली पायवाट, रहाटाची विहीर, पानवेलींचे मांडव आणि बावखले. बावखल हा शब्द तेथे कोणाला कळणार? "हे तळे आहे का?" असे लोक विचारीत. मग ते समजावून सांगत, की हे पावसाचे पाणी साठवणारे वाडीतले डबके आहे. त्यावर बागा जगत, विहिरींना झरे फुटत. आता कित्येक बुजवली गेली आहेत. ऐकणारा मान डोलावी आणि पुढच्या तंबूकडे वळे. "एक फेरी मारून येतो" हे तिकडचे सभ्य वाक्य आम्ही पहिल्या दिवशी इतक्यांदा ऐकले, की त्याचा अर्थ "येणार नाही" असा आहे, हे कोणी सांगावे लागले नाही.

कलादालनात चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक मध्यस्थ असतो. तो विक्रीतील मोठा, कधी निम्मासुद्धा हिस्सा घेतो. पण नकार तोच ऐकतो. रस्त्यावर नकार थेट तोंडावर येतो. एकाने विचारले, "हे काढायला किती वेळ लागला?" प्रश्न साधा होता, परंतु त्यामागचा हिशेब उघड होता: किमतीला तासांनी भागून पाहायचे. आमचे मित्र शांतपणे म्हणाले, "दोन दिवस आणि सहा कागद." जलरंगात चूक पुसता येत नाही. पाच कागद फाडल्यावर सहावा भिंतीवर लागला होता. त्याच्या किमतीत त्या पाचांचाही वाटा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त शुभेच्छापत्रे विकली गेली होती. तेवढ्यात एक जोडपे आले. त्यांना दोन चित्रे आवडली. प्रत्येकी चारशे डॉलर किंमत लिहिलेली होती. "दोन घेतो, पाचशेत द्या," ते म्हणाले. आमच्या मनात भराभर आकडेमोड झाली. जागेचे भाडे तेथल्या तेथे सुटले असते. आमच्या मित्रांनी हसून नकार दिला. जोडपे निघून गेले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तेच म्हणाले, "फादर, माझी आई दादरला भाजी घेऊन जायची. संध्याकाळ झाली, की ती भाव पाडायची. मला राग यायचा. ती म्हणायची, बाबा, सकाळी हिला कोण विचारील? भाजी कोमेजते, फादर. चित्र कोमेजत नाही. मग मी संध्याकाळचा भाव का लावू?" थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आणि गेल्या वर्षी ज्याने पूर्ण दाम मोजून चित्र नेले, त्याच्या भिंतीवरचे चित्रही मी आज स्वस्त करायचे का?"

आम्ही निरुत्तर झालो. भाव न पाडण्यात अहंकार असतो, अशी एक समजूत आहे. तेथे आम्हांला त्यात दुसऱ्या कोणाविषयीची निष्ठा दिसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकाश काळवंडले. वाऱ्याने तंबूचे छत फुगले, तेव्हा शेजारचा कुंभारकाम करणारा कलावंत आपली मातीची भांडी तशीच सोडून आमचा खांब धरायला धावला. पाऊस थोडाच पडला. तो ओसरल्यावर एक वृद्ध बाई आल्या. त्या आदल्या दोन्ही दिवशी येऊन गेल्या होत्या. एका बावखलाच्या चित्रापुढे नुसत्या उभ्या राहत. त्या म्हणाल्या, की आपल्या वडिलांच्या शेतात असेच एक पाणी होते. रस्ता झाला तेव्हा ते बुजवले. त्यांनी किंमत विचारली नाही, ती चित्राखाली लिहिलेलीच होती. पूर्ण रक्कम आणि त्यावरचा सहा टक्के विक्रीकर देऊन त्यांनी चित्र घेतले. ते गुंडाळताना आमच्या मित्रांचे हात सावकाश चालत होते. लेक सासरी पाठवणाऱ्या बापाची आठवण यावी, असेच ते दृश्य होते.

त्या संध्याकाळी आणखी दोन चित्रे गेली. तंबू उतरवण्याआधी शेजारच्या कुंभाराने एक सुरई पुढे केली आणि बदल्यात रहाटाचे लहान चित्र नेले. शेवटच्या दिवशी कलावंतांनी अशी देवघेव करण्याची तिकडे प्रथाच आहे. घरी पत्नीने हिशेब मांडला. भाडे, चौकटी, कागद, पेट्रोल वजा जाता जे उरले, ते तीन दिवसांच्या साध्या मजुरीइतकेही नव्हते. "पुढच्या वर्षी ही वजने कोण उचलणार?" तिने विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. ते नव्या कागदाला पाणी लावीत बसले होते.

वाचकहो, हा हिशेब आम्ही तेथल्या श्रीमंतीचे कौतुक म्हणून सांगत नाही. तेथेही कलावंत घासाघीस सोसतो आणि रिकाम्या हाताने परततो. परंतु तेथे त्याला किंमत लिहिण्याचा अधिकार आहे, आणि गिऱ्हाइकाला ती न देण्याचा. दोघेही उजळ माथ्याने वावरतात. आपल्याकडे काय होते? नाताळचा गोठा उभारणारा, रंगमंचाचे पडदे रंगवणारा, स्मरणिकेचे मुखपृष्ठ काढणारा तरुण गावचाच असतो. मंडपवाल्याचे बिल चुकते होते, ध्वनिक्षेपकाचे भाडे चुकते होते, जेवण देणाऱ्याला आगाऊ रक्कम मिळते. चित्रकाराला मात्र शाल आणि श्रीफळ मिळते. सेवा ही देणाऱ्याने स्वखुशीने द्यायची गोष्ट आहे. घेणाऱ्याने ती गृहीत धरली, की तिची वेठ होते. सन्मानाने पोट भरत नाही, आणि न भरलेल्या पोटाचा तरुण पुढे ब्रश ठेवून मिळेल ती नोकरी धरतो. त्याच्यासोबत आपल्या बावखलांची, रहाटांची आणि जुन्या घरांची चित्रेही न काढताच राहून जातात.

यंदाच्या सणाच्या जत्रेत खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांशेजारी गावातल्या चित्रकाराला एक टेबल द्यावे. त्याने किंमत लिहावी. ती परवडली नाही तर नमस्कार करून पुढे जावे. परवडली तर पूर्ण द्यावी.