वेशीतून सायकलवर

घरापासून दूर राहून शिकणे ही आपल्या समाजाने जाणीवपूर्वक स्वीकारलेली वाट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा ज्ञानाइतकेच अंतराचेही महत्त्व त्यांनी ओळखले होते. गावाच्या वेशीपासून मूल काही कोस दूर आले, की त्याला स्वतःकडे गावाच्या नजरेने पाहावे लागत नाही. आपली शाळा ही त्याच परंपरेतील एक ओंजळ. या अंतराचा खरा अर्थ मला मात्र शाळा सोडल्यानंतर कितीतरी वर्षांनी, मित्रांसोबत केलेल्या एका सायकल प्रवासात उमगला.

गेल्या जानेवारीत आम्ही सहा माजी विद्यार्थी उदगीरहून खरोशाच्या लेण्यांकडे सायकलने निघालो. सगळेच पन्नाशी ओलांडलेले. देवणी, वलांडी, निलंगा आणि पुढे खरोसा असा सुमारे ऐंशी किलोमीटरचा पल्ला होता. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतायचे ठरले. पहाटे किल्ल्याच्या बाजूने निघालो, तेव्हा थंडीने हॅण्डलवरची बोटे आखडली होती. १७६० मध्ये याच उदगिरीला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, हे आम्ही इतिहासाच्या तासाला पाठ केले होते. त्या इतिहासात आमच्या आजोबा-पणजोबांचे नाव कुठे नव्हते. पण घोड्यांच्या टापांनी तुडवलेल्या त्याच मातीवरून आज आमची चाके फिरत होती, याची एक वेगळीच मौज वाटत होती.

आमच्यातील एकाच्या हृदयावर दोन वर्षांपूर्वी उपचार झाले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण वेग बेताचा ठेवायला बजावले होते. म्हणून आम्ही त्यालाच सर्वांच्या पुढे ठेवले. समोरचा वारा सोसवेना झाला, की दुसरा कोणी त्याच्या पुढे होऊन आडोसा देई. तेव्हाही वेग मात्र त्याच्याच दमाने ठरे. वसतिगृहात जेवणाच्या पंगतीत सर्वांत लहान मुलाला आधी वाढत असत. रस्त्यावरची शिस्त आम्ही तिथूनच उचलली होती.

देवणीपर्यंत ऊन वर आले. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी देवणी गुरे देशभर प्रसिद्ध आहेत. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्यांचे तीन प्रकार. पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची एक वानेरा जोडी रस्त्याने संथ चालली होती. त्या बैलांच्या डौलापुढे आमच्या गिअरच्या सायकली अगदीच किरकोळ वाटल्या. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता आणि ज्वारी कणसात होती.

वलांडीच्या पुढे आमच्यातील एकाने सायकल आडवाटेला वळवली. "माझं गाव आहे. वेशीतून जाऊ," एवढेच तो म्हणाला. वेस दिसू लागली तसा त्याचा वेग मंदावला. आम्हाला वाटले, दमला असेल. मग तो पायडल मारतच म्हणाला, "माझे वडील इथं सायकलवरून उतरायचे. पार संपेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. पाराच्या पुढं गेलं, की परत बसायचे."

आम्हाला अधिक विचारावे लागले नाही. आम्हा सहाजणांपैकी प्रत्येकाच्या घरात अशी एखादी गोष्ट होती. कुठे डोक्यावरचा रुमाल, कुठे पायातील वहाण, तर कुठे लग्नाच्या वरातीतील घोडा. त्याच्या घरी ती सायकल होती.

आम्ही सहाहीजण सायकलवर बसूनच वेशीतून आत गेलो. घोषणा दिली नाही, घंटी वाजवली नाही. पारावर चार-पाच माणसे उन्हाला बसली होती. त्यांतल्या एका वृद्धाने हाक मारली, "थांबा की जरा. कुणाचा रं तू?" मित्राने वडिलांचे नाव सांगितले. वृद्ध बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "काळी सायकल होती बघ तुझ्या बापाची," तो म्हणाला, "हातात धरून न्यायचा इथून." क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग वृद्धाने खाली पाहत म्हटले, "चहा घेऊन जावा."

चहा आला तो कागदी कपांतून. पूर्वी आमच्या माणसांसाठी हॉटेलाच्या बाहेर वेगळी कपबशी टांगलेली असे. आता पारावरच्या सर्वांनाच कागदी कप होते. त्यामुळे काय बदलले आणि किती बदलले, याचा हिशोब कपावरून लागेना. मित्राने चहा संपवला, वृद्धाला "येतो, काका," म्हटले आणि सायकलवर बसला. पार ओलांडताना त्याची पाठ ताठ होती.

मांजरा नदीच्या पुलाजवळ भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी आणि कांदा सोबत होता. तिथे तो मोकळा झाला. उदगीरला शाळेत घालायला वडिलांनी त्याला त्याच सायकलवरून आणले होते. कॅरिअरवर पत्र्याची पेटी आणि पुढे नळीवर तो. गावातून मात्र दोघेही चालत आले. "मी विचारलं, आपण का उतरलो? ते म्हणाले, तू शीक, मग उतरावं लागणार नाही. आज त्यांना सांगायला ते नाहीत."

थोड्या वेळाने मी विचारले, "त्या म्हाताऱ्याचा राग आला का?"

"राग असता तर चहा घशाखाली गेला नसता," तो म्हणाला, "पण विसरलोही नाही. दोन्ही एकदम जमतं, हे शाळेनं शिकवलं."

विहारातील मैत्रीभावनेवरच्या प्रवचनांत मी हेच अनेकदा ऐकले होते. त्याचा प्रत्यय मात्र मला नदीकाठच्या त्या भाकरीसोबत आला.

निलंग्याच्या पुढे शाळा सुटलेल्या मुलींचा घोळका भेटला. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. या सायकलीही तशाच असाव्यात. तिघी-तिघी शेजारी, गप्पा मारत, गावातून सरळ जात होत्या. त्यांच्यापैकी कोण कुठल्या वस्तीतील, हे सांगता येत नव्हते. आमचा मित्र त्यांना वाट देण्यासाठी कडेला थांबला आणि शेवटची मुलगी पुढे जाईपर्यंत पाहत राहिला.

खरोशाला पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. जांभ्या दगडाच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमाराची ही बारा लेणी कोरलेली आहेत. त्यांत शिवपार्वती, नरसिंह, कार्तिकेय आहेत. पहिल्या लेण्यातील बैठी मूर्ती तथागतांची म्हणून ओळखली जाते. जांभा हा झिजणारा दगड. चौदा-पंधरा शतकांचे ऊनपाऊस सोसलेल्या त्या मूर्तीपुढे आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. झिजूनही बैठक न मोडलेली ती आकृती पाहताना मला सायकल हातात धरून चालणारा एक बाप आठवत होता, ज्याला मी कधी पाहिलेही नव्हते.

परत आल्यावर मित्राने वडिलांची ती काळी सायकल माळ्यावरून काढली. नवे टायर, नवी चेन, नवे ब्रेक बसवले आणि ती आपल्या वसतिगृहाला दिली. कोणीतरी सुचवले, की तिच्यावर माहितीची पाटी लावून ती ग्रंथालयात ठेवावी. त्याने नम्रपणे नकार दिला. त्याची अट एकच आहे : सायकल मुलामुलींनी चालवायची, पडायचे, पुन्हा बसायचे. पालकांना माझी विनंती आहे, की भेटीला याल तेव्हा आपल्या पाल्याला तिच्यावर एक फेरी मारायला अवश्य सांगावे.