मुकुटाचं नाणं आणि वालीवचा प्रेस

वसई रोड स्टेशनवर पूर्वेला उतरा आणि रिक्षावाल्या काकांना सांगा, "वालीव नाका!" बैठ्या गाळ्यांच्या रांगा, टेम्पो, ट्रक, मशिनचा खडखडाट... आलंच म्हणून समजा वालीव! पलीकडे मुंबई-अहमदाबाद हायवे आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. सुट्टीत पाहुणे आले, की आपण त्यांना वसईचा किल्ला दाखवतो, डोंगरावर नेतो. वालीवचे गाळे कोण दाखवतं? आज आपण तिथेच जाऊ या. कारण मला तुम्हाला एका चांदीच्या नाण्याची गोष्ट सांगायची आहे.

गाळ्याच्या दारातून, लांबूनच बघा हं! पत्र्याची पट्टी आत सरकते, वरून प्रेस खाली येतो, धाड्! आणि एक वॉशर खाली पडतो. आता अशी कल्पना करा, की वॉशरला भोक नाही, आणि वर एक व खाली एक असे दोन कोरलेले ठसे आहेत. मधे धातूची गोल चकती. धाड्! झालं नाणं तयार. टांकसाळीत हेच चालतं, फक्त काम फार नाजूक. त्या एका दणक्यात धातू ठशाच्या बारीक रेषांत सरकतो आणि नाण्यावर एक खास तजेला येतो. हा तजेला लक्षात ठेवा. गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

मी सातवीत होतो. माझ्या वडिलांचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी मला ऑस्ट्रेलियाचं एक भलंमोठं नाणं दिलं. एका बाजूला राजा सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला मुकुट. त्याला 'क्राउन' म्हणत, म्हणजे पाच शिलिंग. वजन २८ ग्रॅमहून थोडं जास्त आणि त्यात साडेब्याण्णव टक्के चांदी. आपला जुना चांदीचा रुपया भरायचा ११.६६ ग्रॅम. म्हणजे हे नाणं जवळजवळ अडीच रुपयांच्या वजनाचं! पण ते काळपट दिसत होतं. मग मी काय केलं असेल? आजीची समई घासायची राख घेतली, चिंच घेतली आणि तासभर नाणं घासलं. आरशासारखं चकचकीत झालं! मी खूश.

पुढे कॉलेजात असताना मुंबईत एका जाणत्या संग्राहकाला मी ते दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, साल पाहिलं, १९३८. त्यांचे डोळे चमकले. मग नाणं तिरकं धरलं आणि ते हळहळले, "अरेरे! घासलंस ना रे?"

क्राउन फक्त दोनच वर्षं निघाले. १९३७ साली दहा लाखांहून थोडे जास्त आणि १९३८ साली जेमतेम एक लाख. दोन्हींत चांदी सारखीच, म्हणजे सोनाराच्या तराजूत दोघांची किंमत एकच. पण संग्राहक १९३८च्या क्राउनला कितीतरी जास्त पैसे मोजतात, कारण ते दुर्मीळ आहेत. अट एकच, नाणं जसं टांकसाळीतून निघालं तसं असावं. चांदीवरचा काळपटपणा हवेतल्या गंधकामुळे येतो. त्याने नाण्याचं फारसं बिघडत नाही. पण राखेने घासलं, की काळपटपणाबरोबर वरची चांदीही जाते आणि तो तजेलाही. पुन्हा तो कशानेच येत नाही. माझ्या नाण्याची किंमत मीच निम्म्याहून खाली आणली होती. त्याहून जास्त वाईट वाटलं ते मामांचं. त्यांनी दिलेलं नाणं मी जपलं कुठे होतं?

ऑस्ट्रेलियाशी आपल्या मुंबईचंही एक नातं आहे बरं का! चर्चगेट लोकलने फोर्टात गेलात, तर रिझर्व्ह बँकेसमोर टांकसाळीची जुनी इमारत दिसेल. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला नाणी कमी पडू लागली. तेव्हा १९४२ आणि १९४३ साली त्यांच्या पेनी आणि अर्ध्या पेनी मुंबईत पाडल्या गेल्या. ही नाणी चांदीची नव्हेत, ब्राँझची. पण त्यांच्यावर उडी मारणारा कांगारू आहे आणि इंडियाचं बारीक 'आय' अक्षर. कांगारू ऑस्ट्रेलियाचा, जन्म मुंबईचा!

हळूहळू नाण्यांतली चांदी मात्र आटली. आपला रुपया १९४० पासून निम्म्याच चांदीचा झाला, ऑस्ट्रेलियाची नाणी १९४६ पासून. त्यांनी १९६६ साली पन्नास सेंटचं गोल नाणं ८० टक्के चांदीचं काढलं, पण त्यातली चांदीच नाण्यापेक्षा महाग होऊ लागली. एका वर्षात ते बंद झालं!

आता आजीच्या ट्रंकेतलं जुनं नाणं सापडलं, तर काय कराल? घासू नका. कडेने धरा, सुक्या कागदी पाकिटात ठेवा. कुणी दिलं, कधी दिलं, ते पाकिटावर लिहा. आणि आईबाबांनो, "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, आधी थोडी फी भरा" असं कुणी म्हणालं, तर एक पैसाही देऊ नका. अशा फसवणुकीपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली लोकांना बजावलं आहे.

माझा क्राउन अजून माझ्याकडे आहे. विकायचा नाही. तो आता पुन्हा थोडा काळपट होऊ लागलाय, आणि मी त्याला मुळीच हात लावत नाही!

बरं, आत्ता खिशातलं एक नाणं काढा पाहू. सालाखाली छोटा चौकटचा आकार दिसतोय? मग ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं!