ठेवणीतली गाडी

मराठी गृहिणीच्या शब्दसंग्रहात 'ठेवणीतला' हा एक मोठा भारदस्त शब्द आहे. ठेवणीतली पैठणी, ठेवणीतले चांदीचे ताट, ठेवणीतली अत्तरदाणी. पुरुषांनाही एक ठेवणीतला आवाज असतो, आणि तो बहुधा मुलांच्या प्रगतिपुस्तकाच्या दिवशी बाहेर निघतो. या शब्दामागे एक समजूत दडलेली आहे. जी वस्तू वापरावी ती झिजते. जी बाजूला ठेवावी ती टिकते. माझ्या दारात उभ्या असलेल्या मोटारीने या समजुतीला जो धक्का दिला, तो मोटार सुरू करण्यासाठी शेजाऱ्यांनी तिला दिलेल्या धक्क्यांहून पुष्कळच जोरदार होता.

ही मोटार मी हौसेने घेतलेली नाही. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास गेले आणि जाताना आपली गाडी आमच्या इमारतीच्या आवारात ठेवून म्हणाले, "असू दे, बाबा. आजी आहे घरात. अडीनडीला उपयोगी पडेल." वास्तविक दादरकराला स्वतःच्या मोटारीची गरज ती किती! दादर टी. टी. या नावातली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली, तरी वाहनांचे सुख दादरला कधी कमी पडले नाही. पश्चिम आणि मध्य असे दोन्ही लोहमार्ग हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांत ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावापर्यंत धावू लागल्यामुळे माझे महाविद्यालय अर्ध्या तासाच्या आत आले आहे. शिवाय मुंबईत गाडी बाहेर काढणे म्हणजे गाडी उभी करण्याची जागा गमावणे होय. एकदा मिळालेली जागा टिकविण्यासाठी गाडी हलवूच नये, या निष्कर्षाप्रत येथील पुष्कळ विचारवंत मोटारमालक आलेले आहेत. आमची गाडीही या तत्त्वज्ञानानुसार कापडी खोळ पांघरून समाधिस्थ झाली.

गेल्या पावसाळ्यात एका मध्यरात्री आईच्या छातीत कळा येऊ लागल्या. आईचे वय चौऱ्यांशी. तिला हाताशी धरून आम्ही खाली आणले, मागच्या आसनावर बसविले, आणि मी किल्ली फिरविली. 'खट्' असा आवाज झाला, समोरचे दिवे क्षणभर मिणमिणले आणि विझले. पुन्हा किल्ली फिरविली, तेव्हा तेवढाही आवाज झाला नाही. सुदैवाने रस्त्यावर एक टॅक्सी मिळाली. परळच्या इस्पितळात आम्ही वेळेवर पोचलो आणि चार दिवसांनी आई घरी परतली. परंतु ज्या एका रात्रीसाठी ही गाडी राखून ठेवली होती ती रात्र आली, आणि गाडी मात्र जागची हलली नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या आठवड्यात मेकॅनिक आला. त्याने बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, काटा पाहिला आणि एखाद्या जुन्या वैद्याच्या गांभीर्याने सांगितले, "साहेब, गाडीला काही झालेले नाही. ती उपाशी आहे."

मी वाङ्मयाचा प्राध्यापक. या उपासाचे शास्त्र मला महाविद्यालयातील एका भौतिकशास्त्रज्ञ मित्राने समजावून दिले. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधून काढली. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे मनुष्याचे कष्ट बॅटरीच्या माथी आले. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तो १२.२ वर आला की ती अर्धी रिकामी समजावी, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ संपलीच. आता मौज अशी की बंद केलेली गाडी खरोखर बंद नसते. तिचे घड्याळ चालत असते, चोराची चाहूल घेणारी यंत्रणा जागी असते, आणि इंजिनावर देखरेख करणारा संगणक आपली स्मरणशक्ती सांभाळीत असतो. या सर्वांचा मिळून ०.०५ अँपिअर एवढा क्षुल्लक प्रवाह धरला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्ची पडतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने महिन्याच्या आत कोरडी होते, आणि इंजिन फिरविण्याची ताकद तर तिच्यातून त्याच्या कितीतरी आधी जाते. त्यातच मुंबईचा उष्मा! बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत असते, आणि हवा जितकी उष्ण तितकी ही घट अधिक.

मित्राने सांगितलेली शेवटची गोष्ट मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटली. बॅटरीतून वीज घेतली की तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. हे प्रत्येक वापरात घडते आणि त्यात काही बिघडत नाही; लगेच पुन्हा वीज भरली की ते विरघळून जाते. परंतु बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली, तर त्या मऊ थराचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज ओतली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. म्हणजे खर्च होणे हा दोष नव्हे. खर्च होऊन तसेच पडून राहणे हा दोष. बॅटरी वापराने जेवढी मरत नाही, तेवढी विश्रांतीने मरते.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा असंख्य गाड्या एकाच वेळी सक्तीच्या विश्रांतीला लागल्या, आणि बंदी उठल्यावर गल्लोगल्ली जंपर वायरी घेतलेली माणसे दिसू लागली. तेव्हापासून आमच्या इमारतीत या विषयावर मतमतांतरे फार आहेत. एक गृहस्थ रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन नुसते चालवून आवारात धूर करतात. परंतु सुरू करताना जेवढी वीज खर्च होते, तिची भरपाईही अशा मंद चालीत नीट होत नाही. दुसरे एक गृहस्थ बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवून ठेवतात. लांबच्या प्रवासाला जाताना हा उपाय उत्तम. मात्र मध्यरात्री छातीत कळ आली असता आधी पाना शोधावा लागतो. भिंतीवर विजेची जोडणी असेल तर चार्जर लावून ठेवावा हे सर्वांत शास्त्रशुद्ध. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसे, आवारात तार सोडावी कशी? मेकॅनिकने शेवटी साधे पथ्य सांगितले : "आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवा."

योगायोग असा की आईच्या डॉक्टरांनीही तिला जवळजवळ हेच सांगितले होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना आपण प्रेमानेच ठेवणीत टाकीत असतो. "तुम्ही बसा, आम्ही करतो," असे म्हणत म्हणत त्यांच्या हातून आधी भाजीची पिशवी जाते, मग जिना जातो, मग रस्ता जातो. इस्पितळातून आल्यापासून आईचे जग खिडकीजवळच्या खुर्चीपुरते उरले होते. मग डॉक्टरांना विचारून मी दर रविवारी सकाळी दोघींनाही फिरवावयास नेऊ लागलो.

आईचे माहेर गिरगावातले, मुगभाटातल्या एका चाळीतले. पहिल्या रविवारी परळ येईपर्यंत ती गप्प होती. लालबागला तिचा हात खिडकीबाहेर गेला. "इथून ट्राम जायची रे," ती म्हणाली. मग गिरण्यांचे भोंगे आले, त्या भोंग्यांवर घड्याळ लावणारे तिचे वडील आले. जेथे भोंगे वाजत तेथे आता उंच मनोरे उभे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जी यंत्रे थांबली त्यांतली पुष्कळशी पुन्हा फिरलीच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर किती घरे थांबली याचा हिशेब कोणत्याही मीटरवर दिसत नाही. गिरगावात पोचल्यावर आईने चाळीच्या दारापाशी गाडी थांबवावयास लावली. पहिल्या मजल्यावर तिच्या बालमैत्रिणीचे बिऱ्हाड अजून आहे. त्या दिवशी ती खालूनच हाक मारून परतली. चौथ्या रविवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने तो जिना चढला.

चिरंजीवांनी मध्यंतरी फोनवर सुचविले, "बाबा, गाडी विकून टाकू या का? खर्च उगाच होतो." हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबर आहे. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, सारे मांडले तर टॅक्सी निःसंशय स्वस्त पडते. मी काही उत्तर देण्यापूर्वीच आतल्या खोलीतून आवाज आला, "त्याला सांग, रविवारी मला गिरगावात जायचंय."

आत जाऊन पाहतो तो ट्रंक उघडलेली, आणि आईच्या मांडीवर तिची लग्नातली पैठणी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्यामुळे ती नेमकी घडीच्या रेषेवर विरू लागली होती. आई त्या रेषेवरून बोट फिरवीत म्हणाली, "जपून जपूनच फाटली बघ. आता नेसूनच संपवते."