नांदेडचे विमान

मसाटला शाळेत आम्हांस पंचवीस वर्षे झाली, तरी आमच्या मातोश्री नांदेडचे घर सोडावयास तयार नाहीत. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसची रात्र, मग मुंबईहून वापी. हा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना पेलत नसे. अशात २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली ट्रुजेटची नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईचे विमानही आले. पुढल्या दिवाळीत मातोश्री मुंबईच्या विमानतळावर करंज्यांचा डबा उराशी धरून उतरल्या!

त्या स्वस्ताईचे गणित आम्ही वर्गात फळ्यावर मांडले. तासाभराच्या उड्डाणास सुमारे २५०० रुपये, तेही निम्म्याच आसनांना; तूट सरकार भरून देणार, पण ३ वर्षेच. "चौथ्या वर्षी काय, सर?" एका मुलीने विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रुजेटची उड्डाणे थांबली. मार्च २०२४ च्या अखेरीस कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर नांदेडला आली. आम्ही अधीरतेने मार्ग वाचले: हैदराबाद, बंगळूर, दिल्लीजवळचे हिंडन, जालंधरजवळचे आदमपूर. मुंबई त्यांत नव्हती.

मातोश्रींना दूरध्वनीवर हे सांगितले.

"मग तूच ये," त्या म्हणाल्या.

आम्ही देवगिरीचे तिकीट काढले.