डिकने उचल किती घेतली होती?

कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरली की आसनगाव, आटगाव मागे पडते आणि खर्डी येते. आमच्या धर्मग्रामातील आम्ही तीन कुटुंबे महिन्यातून एका शनिवारी पुस्तकांची पत्र्याची पेटी घेऊन तेथे उतरतो आणि पाऊण तासाच्या वाटेवरील कातकरी वाडीत जातो. याच शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते. वाडीतल्या बाया मात्र वैशाखात टँकरची वाट पाहतात. हा विषय आजचा नव्हे, पण खर्डीचे नाव घेतले की तो वगळताही येत नाही.

पावसाळा सरत आला असता आम्ही मुलांना होरेशिओ अल्जरची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन लेखक १८३२ साली जन्मला आणि १८९९ साली वारला. गरीब मुलगा सचोटीने वर येतो, याच एका कल्पनेवर त्याने शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली आणि तिकडच्या पोरांनी ती वेड्यासारखी वाचली. त्यातले गाजलेले पुस्तक म्हणजे १८६८ साली निघालेले ‘रॅग्ड डिक’. डिक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बुटांना पॉलिश करतो आणि उघड्यावर झोपतो. पुढे तो भाड्याची खोली घेतो, फॉस्डिक नावाच्या मुलाला तीत आसरा देतो आणि मोबदल्यात त्याच्याकडून लिहावाचायला शिकतो. बँकेत पाच डॉलर ठेवून खातेही उघडतो. शेवटी नावेतून पाण्यात पडलेल्या एका मुलाला तो वाचवतो. मुलाचा बाप बक्षीस पुकारतो, परंतु ते कानी पडण्याआधीच डिकने उडी घेतलेली असते. तो बाप व्यापारी निघतो आणि डिकला आपल्या पेढीवर नोकरी देतो.

पगार आठवड्याला दहा डॉलर! चिंधीतून कोट्यधीश झालेल्यांच्या कथा म्हणून ज्यांचा डंका वाजतो, त्यांतला हा नायक अखेर कारकुनीवरच येऊन थांबतो, हे आम्हांला पुन्हा वाचताना प्रथमच जाणवले आणि त्यामुळे अल्जर थोडा अधिक आवडला.

गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतील बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, “सर, त्यानं उचल किती घेतली होती?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उचल नव्हती, असे सांगितले. “मग तो कुणाचाच नव्हता?” मुलगा म्हणाला. त्याला अनाथ म्हणायचे नव्हते. कोणत्या मालकाचा, कोणत्या मुकादमाचा, हे त्याला विचारायचे होते.

ज्यांनी वीटभट्टी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील भट्टीवर सारे कुटुंब ती फेडायला जाते. तेथे दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर हजार विटांच्या दराने हिशेब होतो आणि पुष्कळदा काही रक्कम अंगावर शिल्लकच राहते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. कायदा वाचून दाखवणारा माणूस मात्र भट्टीवर क्वचित फिरकतो. आणि आमच्यातील एकाच्या घराच्या विटा भिवंडीकडच्याच आहेत. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो फारसा बोलला नाही.

अल्जरच्या न्यूयॉर्कमध्ये भूक, थंडी, चोर, लबाड सोबती सारे काही आहे. पण डिकचा उद्याचा दिवस कोणी आगाऊ विकत घेतलेला नाही. म्हणून तर त्याची सचोटी त्याच्या कामी येते. वाडीतला बाप कमी सचोटीचा असतो काय?

आपल्या साने गुरुजींना हे कळले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. मराठी मुलांचे हे सर्वांत लाडके पुस्तक उलट्या दिशेने चालते. खोताचे घर कर्जापायी खचत जाते, सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो आणि आई दारिद्र्यातच डोळे मिटते. नाव वाचवणारा श्रीमंत व्यापारी तेथे येत नाही. पुढच्या खेपेस आम्ही तेच पुस्तक पेटीत वर ठेवले.

आम्हांला आणखी एक आठवण झाली ती संत जॉन बॉस्को यांची. तेही अल्जरच्याच काळातले, १८१५ ते १८८८. दोन वर्षांचे असताना वडील गेले. शिकत असताना त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे, कॉफीच्या दुकानात काम केले. ट्यूरिनच्या रस्त्यावरील पोरांना त्यांनी प्रार्थना शिकवली हे आपण प्रवचनांत ऐकतो. त्यांनी करारपत्रे केली हे सहसा ऐकत नाही. १८५२ सालचे, एका मुलाला सुताराच्या हाताखाली देतानाचे असे एक करारपत्र जतन केलेले आहे व त्यावर डॉन बॉस्कोंची सही आहे. मालकाने मुलाला धंदा शिकवावा, धंद्याबाहेरच्या कामाला जुंपू नये, चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, हात उगारू नये, रविवार आणि सण मोकळे ठेवावेत, मजुरी ठरल्याप्रमाणे द्यावी. अशा कागदावर कोणी बालकादंबरी लिहीत नाही. आम्हांला मात्र तो कागद डिकच्या उडीइतकाच धाडसी वाटतो.

दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा वाडीतील निम्म्या घरांची दारे तारेने बांधलेली होती. तो मुलगा ‘श्यामची आई’ घेऊन गेला होता. पेटीच्या वहीत त्याच्या नावापुढे परतीचा रकाना कोरा होता. आमच्यातील एकीने तेथे पेन्सिलीने लिहिले, “मृगाआधी.”